तीस लाख रिव्हेटांचा हिशेब

ग्रेट ईस्टर्न या जहाजाची लांबी ६९२ फूट होती. ते बांधायला ३०,००० लोखंडी पत्रे लागले आणि ते पत्रे एकमेकांना सांधायला ३० लाख रिव्हेट. चार हजार प्रवासी आणि बारा हजार टन कोळसा एकाच वेळी पोटात मावावा, अशी त्याची आखणी होती. ३१ जानेवारी १८५८ रोजी ते थेम्स नदीत तरंगले. त्याच्याहून लांब जहाज बांधले जायला १८९९ साल उजाडले आणि टनेजमध्ये त्याला मागे टाकणारे जहाज १९०१मध्ये आले.

हे जहाज म्हटले की इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरचा एक फोटो डोळ्यांसमोर येतो. नोव्हेंबर १८५७मध्ये रॉबर्ट हाउलेटने तो काढला. उंच टोपी, तोंडात चिरूट, विजारीला चिखल, हात खिशात, आणि पाठीमागे भिंतीसारखी उभी असलेली अजस्र साखळी. बघणाऱ्याची नजर ब्रुनेलवर खिळते आणि ते साहजिकही आहे, माणूस त्या योग्यतेचाच होता. पण त्या साखळीची एकेक कडी कुणीतरी भट्टीत तापवून, वाकवून, घणाखाली सांधली होती. मला इथे त्या कडीवाल्यांचा, पत्रेवाल्यांचा, तारवाल्यांचा हिशेब मांडायचा आहे. आगबोटींचे शतक त्यांच्या हातांवर चालले आणि आकडे खरे थक्क करतात ते त्यांच्या कामाचेच.

मुळात एवढे मोठे जहाज हवेच कशाला होते? याचे उत्तर कोळशात आहे, आणि मुंबईहून निघालेल्या एका सफरीत ते फार स्वच्छ दिसते.

मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी ह्यू लिंडसे नावाची ४११ टनांची आगबोट बांधली. तिची ८० अश्वशक्तीची दोन इंजिने मॉडस्ले या लंडनच्या कारखान्याची. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. बोटीची आखणी साडेपाच दिवसांच्या कोळशाची आणि एडनपर्यंतचा पहिला टप्पा अकरा दिवसांचा! मग कोठारे भरली, डेकवर ढीग रचले, कॅबिनमध्येसुद्धा कोळसा कोंबला. एडनला पोचली तेव्हा बोटीवर जेमतेम सहा तास पुरेल एवढा कोळसा शिल्लक होता. सुएझ गाठायला ३३ दिवस लागले, आणि त्यांतले सुमारे बारा दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेले. समुद्र कापायला एकवीस दिवस आणि टोपल्या वाहायला बारा! नऊ वर्षांनी, १८३९मध्ये, इंग्रजांनी एडन ताब्यात घेतले, त्यामागच्या कारणांत कोळशाच्या ठाण्याची गरज हे एक मोठे कारण होते.

पूर्वेच्या या ठाण्यांवरचा चांगला कोळसा बहुतेक वेल्समधून यायचा, तोही शिडाच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालून. म्हणजे एक आगबोट डौलात चालावी म्हणून मागे शिडाच्या जहाजांचा ताफा राबायचा. बंदरात उतरलेला कोळसा हमालांच्या डोक्यावरून किनाऱ्यावर यायचा, ढिगात पडायचा आणि पुन्हा डोक्यावरूनच बोटीत चढायचा. खाणीच्या तोंडाशी स्वस्त असलेला हा माल एडनला पोचेपर्यंत कितीतरी पट महाग झालेला असे.

ब्रुनेलने हा तिढा गणिताने सोडवला. जहाजाची लांबी, रुंदी, खोली दुप्पट केली तर त्याचे पोट आठपट होते, पण पाण्याला घासणारे अंग चौपटच वाढते. म्हणजे जहाज जितके मोठे तितके ते स्वतःच्या कोळशावर दूर जाणार. पूर्वेला जायचे आणि वाटेत कुठेही कोळशासाठी थांबायचे नाही, एवढ्यासाठी ६९२ फूट! बारा हजार टन कोळसा म्हणजे किती, हे आपल्या मापाने बघू. एका बैलगाडीत एक टन धरला तर बारा हजार गाड्या. गाडीला बैलांसकट आठ मीटर जागा धरून त्या एकामागे एक उभ्या केल्या, तर बोरीबंदरहून निघालेली रांग रेल्वेच्या अंतराने जवळजवळ कर्जतला पोचते. एवढा कोळसा एका जहाजाच्या पोटात.

जहाज बांधण्याचे काम थेम्सकाठच्या मिलवॉलमधल्या जॉन स्कॉट रसेल या जहाजबांधणी करणाऱ्याने घेतले. ब्रुनेलचा स्वतःचा अंदाज पाच लाख पौंडांचा होता, रसेलचे टेंडर ३,७७,२०० पौंडांचे. कवचाचे २,७५,२००, मळसूत्री पंख्याची इंजिने व बॉयलर यांचे ६०,००० आणि बाजूच्या चाकांची इंजिने व बॉयलर यांचे ४२,०००. तेव्हाच्या भावाने पौंडाला दहा रुपये धरले तर पावणेअडतीस लाख रुपये. हा आकडा जहाजाला पुरणारा नव्हता आणि फेब्रुवारी १८५६मध्ये रसेलने हात वर केले. काम थांबले, माणसे घरी बसली, गोदीत अर्धवट लोखंडी डोंगर उभा राहिला. टेंडर कमी भरून काम घ्यायचे आणि मग ते गळ्याशी यायचे, यात सगळ्यांत आधी उपासमार होते ती रोजंदारीवरच्या माणसाची. मिलवॉलमध्येही तेच झाले.

पत्रे यॉर्कशरमधल्या रॉदरहॅमजवळच्या पार्कगेट कारखान्यातून आले. ३०,००० पत्रे, एकेकाचे वजन सरासरी एक तृतीयांश टन, म्हणजे साधारण दहा हजार टन लोखंड. कवचाचा पत्रा पाऊण इंच जाड. प्रत्येक पत्र्याची जागा ठरलेली, बाक ठरलेला. लाकडी फर्मा करायचा, तो पत्र्यावर ठेवून भोकांच्या खुणा करायच्या, यंत्राखाली भोके पाडायची, रुळांमधून काढून पत्र्याला गोलाई द्यायची आणि मग तो वर चढवायचा. एक रिव्हेट निदान दोन पत्र्यांतून जातो, म्हणजे ३० लाख रिव्हेटांसाठी निदान साठ लाख भोके. आणि ही भोके एकमेकांसमोर तंतोतंत यायला हवीत. एका पत्र्याची खूण अर्धा इंच सरकली की सगळी ओळ वाया.

आता एक रिव्हेट जवळून बघू. टोळीत घण मारणारे दोन गडी, आतून धरणारा एक, आणि दोन-तीन पोरे. एक पोर छोट्या भट्टीचा भाता मारत बसलेला. रिव्हेट लालभडक झाला की तो सांडशीने उचलून फेकायचा. दुसरा पोर तो झेलून भोकात घालायचा. आतला माणूस जड घणाने रिव्हेटचे डोके दाबून धरायचा आणि बाहेरचे दोघे आळीपाळीने घाव घालून दुसरे टोक ठेचायचे. दोघांतला एक डावखुरा असला तर उत्तम, म्हणजे घण एकमेकांना अडत नाहीत. लोखंड तांबडे असेतोवरच हे उरकायला हवे. रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन पत्रे असे करकचून आवळतो की मधून पाणी शिरत नाही. साऱ्या जहाजाची मदार या आकसण्यावर.

एका रिव्हेटला वीस घाव धरले तर ३० लाखांना सहा कोटी घाव होतात. यंत्राने रिव्हेट मारणे तेव्हा माहीत होते, पण या जहाजाचे बहुतेक काम हातघणाने झाले. ग्रेट ईस्टर्नला कवचे दोन होती, एकाच्या आत दुसरे, आणि दोहोंमध्ये तीन फुटांहूनही कमी जागा. त्या अरुंद पोकळीत, मेणबत्तीच्या उजेडात, चहूकडून लोखंड बडवले जात असताना धरणारे आणि त्यांची पोरे वर्षानुवर्षे काम करत होती. जहाज मोडताना या पोकळीत एका रिव्हेटवाल्याचा सांगाडा सापडला, अशी गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. तिला पुरावा नाही. ती पोरे बहिरी झाली असणार, याला मात्र वेगळा पुरावा लागू नये.

इंजिनांचे आकडे असे. बाजूच्या चाकांचा व्यास ५६ फूट. ती फिरवणाऱ्या इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकाचे तोंड ७४ इंचांचे आणि दट्ट्याची धाव १४ फुटांची. मागचा मळसूत्री पंखा २४ फूट व्यासाचा आणि ३६ टन वजनाचा. त्याची इंजिने बर्मिंगहॅमच्या सोहोमधल्या जेम्स वॉट कंपनीने केली, त्यांचे सिलिंडर ८४ इंचांचे. दहा बॉयलर आणि त्यांच्या पोटात ११२ भट्ट्या. एवढ्या भट्ट्यांना रात्रंदिवस फावड्याने कोळसा घालणाऱ्या माणसांची तुकडी म्हणजे एक छोटे गावच.

चाकांचा वाकडा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ग्लासगोच्या लान्सफील्ड भट्टीत घडला. चाळीस टनांच्या घरातली घडीव वस्तू. एवढा लोखंडाचा गोळा एकजीव करणे ही तेव्हाची सगळ्यांत अवघड लोहारकी होती. वरून अखंड दिसणाऱ्या दांड्याच्या पोटात एक फट राहिली तर भर समुद्रात त्याचे दोन तुकडे.

या दांड्यांनी कारखान्यांना काय शिकवले याचे एक उदाहरण ब्रुनेलच्याच आधीच्या जहाजाचे आहे. ग्रेट ब्रिटन या जहाजाला ३० इंच जाडीचा दांडा हवा होता आणि तो घडवायला एकही लोहार पुढे येईना. इंजिनाचे काम पाहणाऱ्या हम्फ्रीजने जेम्स नास्मिथला पत्र लिहिले. नोव्हेंबर १८३९मध्ये नास्मिथने आपल्या वहीत वाफेवर चालणाऱ्या घणाचे चित्र काढले. पुढे त्या जहाजाचा बेतच बदलला, चाकांऐवजी पंखा बसला आणि दांड्याची गरज उरली नाही. वाफेचा घण मात्र जगभरच्या कारखान्यांत पोचला. जहाजवाल्याने मागितलेली वस्तू कधी बनलीच नाही आणि तिच्यासाठी काढलेल्या हत्याराने पुढचे शतक घडवले. पुरवठादारांच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

नांगराच्या साखळ्या वेल्समधल्या पाँटिप्रिडच्या ब्राउन लेनॉक्स कारखान्याच्या. जहाजावर दहा नांगर आणि ८०० फॅदम साखळी, म्हणजे ४,८०० फूट. जहाजाच्या लांबीच्या जवळजवळ सातपट. हातभर कडीसुद्धा एकेकटी घडवायची, आधीच्या कडीत ओवून सांधायची आणि सगळी साखळी यंत्रावर ताणून तपासायची. एक कडी कच्ची तर सगळे लोखंड फुकट. म्हणून साखळी करणाऱ्याची पत त्याच्या तपासणीच्या यंत्रावर ठरायची.

मग आली जहाज पाण्यात उतरवण्याची पाळी. थेम्स अरुंद, जहाज लांब, त्यामुळे ते नदीला समांतर बांधलेले आणि आडवेच सरकवायचे होते. वजन १२,००० टन. तोपर्यंत माणसाने एवढी जड वस्तू हलवली नव्हती. १२० फूट रुंदीचे दोन पाळणे, खाली लोखंडी रूळ, उतार बाराला एक. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी हजारोंच्या गर्दीसमोर जहाज चार फूट सरकले, साखळीच्या रहाटाचे दांडे उलटे फिरले, कामावरची माणसे उडाली आणि एक मजूर जिवानिशी गेला. मग तीन महिने रोज इंच-फुटांनी लढाई. पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक लावले की ते फुटायचे, की नवे आणायचे. देशभरातून जॅक गोळा झाले.

यात बर्मिंगहॅममधले टँगी बंधू होते. कॉर्नवॉलहून आलेले भाऊ, छोटे वर्कशॉप, हाताशी मोजकी माणसे. त्यांच्या जॅकनी या कामात मोठा वाटा उचलला. आम्ही ग्रेट ईस्टर्नला पाण्यात ढकलले आणि तिने आम्हाला धंद्यात, अशा अर्थाचे रिचर्ड टँगी पुढे सांगत. काही वर्षांत त्यांचा सोहोला मोठा कारखाना उभा राहिला आणि टँगीची इंजिने व पंप हिंदुस्थानातही आले. नुसते जहाज उतरवायला लाखाहून जास्त पौंड गेले. जहाज बांधून घेणारी मूळ कंपनी त्यात बुडाली आणि नव्या कंपनीने हे जहाज १,६०,००० पौंडांना विकत घेतले.

पुढची कहाणी दुःखद आहे. सप्टेंबर १८५९मध्ये चाचणीच्या सफरीत पुढच्या धुराड्याभोवतीचे पाण्याचे आवरण फुटले आणि निदान पाच आगवाले भाजून मेले. त्याच महिन्यात ब्रुनेलही गेला. जून १८६०मध्ये जहाज न्यूयॉर्कला निघाले तेव्हा तिकीट काढलेले प्रवासी होते ३५ आणि त्यांच्यासाठी कर्मचारी ४१८. चार हजारांच्या जहाजात पस्तीस! १८६४मध्ये ते २५,००० पौंडांना विकले गेले. ज्याला बांधायला लाखो पौंड लागले, ते भंगाराच्या भावात.

इथे आणखी एक पुरवठादार येतो आणि जहाजाचे नशीब पालटते. अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची अखंड केबल टाकायची होती आणि ती सगळी एका खेपेत पोटात घेईल असे जहाज जगात एकच होते. १८६५ची केबल २,३०० सागरी मैलांची. गाभ्यात तांब्याच्या सात तारा, दर सागरी मैलाला ३०० पौंड तांबे. त्यावर गटापर्चाचे आवरण, मैलाला ४०० पौंड. त्यावर दहा पोलादी तारा, प्रत्येक तारेवर मनिला तागाचे सूत.

पोलादी तार बर्मिंगहॅमच्या ‘हे मिल्स’ भागातल्या वेबस्टर अँड हॉर्सफॉलने पुरवली. पियानोच्या तारा करणारी ही कंपनी. तिच्या २५० कामगारांनी अकरा महिने राबून ३०,००० मैल तार ओढली. वजन १,६०० टन. पृथ्वीचा घेर २५,००० मैलांच्या आत आहे. म्हणजे अडीचशे माणसांनी वर्षभराच्या आत पृथ्वीला एक पूर्ण वेढा पडून वर उरेल एवढी तार केली, आणि तीही अशी की खोल समुद्रात स्वतःच्याच वजनाने तुटू नये.

गटापर्चा हा मलायातल्या एका झाडाचा चीक. तो काढायला झाड तोडावे लागे आणि एका झाडातून मिळे तो मूठभर. २,३०० मैलांना ४०० पौंडांप्रमाणे ९,२०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४,१७,००० किलो. एका झाडाचा अर्धा किलो धरला, आणि हा हिशेब उदार आहे, तरी आठ लाखांहून जास्त झाडे. एका केबलसाठी! ही झाडे हेरणारे, तोडणारे, चीक वाहून आणणारे मलायाचे लोक या उद्योगाच्या साखळीतली सर्वांत लांबची कडी. लंडनच्या हिशेबवहीत त्यांच्या मालाचे वजन आहे, माणसे नाहीत. आणि जंगलातून ही झाडे झपाट्याने नाहीशी होत गेली.

१८६५ची केबल भर समुद्रात तुटली. जुलै १८६६मध्ये ग्रेट ईस्टर्नने नवी केबल न्यूफाउंडलंडला पोचवली, आणि मग परत जाऊन तुटलेली केबलही खोल तळातून उचलून पूर्ण केली. प्रवाशांसाठी बांधलेले जहाज केबल टाकणारे जहाज म्हणून यशस्वी झाले.

जहाज पूर्वेला आले ते याच कामासाठी. सुएझ कालवा नुकताच खुला झाला होता, पण त्यातून ते मावणे शक्य नव्हते. म्हणून आफ्रिकेला वळसा घालून १८७०च्या सुरुवातीला ग्रेट ईस्टर्न मुंबई बंदरात आले. उन्हात केबल तापू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारीत त्याने मुंबईहून एडनकडे सुमारे १,८०० सागरी मैल केबल टाकली आणि जूनमध्ये लंडन-मुंबई समुद्री तार सुरू झाली. याच मुंबई-एडन टप्प्यात चाळीस वर्षांपूर्वी ह्यू लिंडसे कोळसा मोजत अकरा दिवस चालली होती. आता निरोप काही मिनिटांत जाऊ लागला.

शेवट लवकर सांगता येतो. १८८८मध्ये जहाज १६,५०० पौंडांना मोडीत गेले. त्याचे सुटे भाग लिलावात ५८,००० पौंडांना विकले गेले. ज्या हातांनी रिव्हेट ठोकले होते तसल्याच हातांनी ते काढले, आणि काढायला दीड-दोन वर्षे लागली. एक शिडाचा खांब लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर झेंड्यासाठी उभा आहे.

आगबोटींच्या या जगात आपलीही माणसे होती. पी अँड ओ कंपनीच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी होते, सलूनमध्ये गोव्याचे बटलर आणि स्वयंपाकी. सारंग, टिंडेल, आगवाला, भंडारी हे शब्द त्यांच्या हुद्द्यांचे. माझगावची सुकी गोदी पुढे पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटी दुरुस्त करत होती आणि तिथे फिटर, बॉयलरवाले, रंगारी, सुतार पिढ्यान्‌पिढ्या कामाला होते. कंपन्यांनी आपला कोळसा टनाटनाने लिहून ठेवला, या माणसांची नोंद मात्र फारच तुटपुंजी आहे. त्यांची पुष्कळशी कागदपत्रे संग्रहालयांत पोचलीच नसावीत. ती रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ले आणि सासष्टीच्या घरांत पेटाऱ्यात पडून असतील. बोटीवरच्या नोकरीचे दाखले, पगाराच्या चिठ्ठ्या, गोदीच्या हजेरीचे बिल्ले, लंडनहून किंवा एडनहून आलेली पत्रे. तुमच्या घरी असे काही असेल तर ते रद्दीत घालू नका. आधी त्यांचे फोटो काढा, कुणाचे आहे ते नाव मागे लिहून ठेवा, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास मंडळाला दाखवा.